बॅरिस्टर आसफ फैजी आणि कायद्याचे ग्रंथालय



घरात वडिलोपार्जित मिळकतीचा प्रश्न निघाला की आपल्याकडे काय होते, हे तुम्हाला सांगायला नको. एक म्हणतो, मुलीला हिस्सा असतो. दुसरा म्हणतो, असतो, पण मुलगी तो मागत नसते. तिसरा कुणा वकिलाच्या कारकुनाकडून ऐकलेले सांगतो. चार माणसे चार गोष्टी सांगतात आणि ज्या पुस्तकात ती गोष्ट छापलेली आहे, ते पुस्तक मात्र कोणी उघडत नाही. या अज्ञानाची किंमत बहुतेक वेळा घरातली विधवा, बहीण किंवा पोरके मूल मोजते.

म्हणून या अंकात मी तुम्हाला अशा एका माणसाचा परिचय करून देणार आहे, ज्याने सारे आयुष्य कायद्याची पुस्तके शोधण्यात, तपासण्यात आणि दुसऱ्यांच्या हाती देण्यात घालविले. त्यांचे नाव आसफ अली असगर फैजी. बॅरिस्टर, प्राचार्य, राजदूत, कुलगुरू अशी अनेक पदे त्यांनी भूषविली. परंतु या सर्व पदांपेक्षा ग्रंथालयातल्या टेबलाशी त्यांचे नाते अधिक जवळचे होते, असेच म्हणावे लागेल.

फैजीसाहेबांचा जन्म १० एप्रिल १८९९ रोजी माथेरान येथे झाला. म्हणजे ते आपल्याच रायगड जिल्ह्याच्या मातीत जन्मले. घराणे सुलेमानी बोहरा पंथाचे. मुंबईचे प्रसिद्ध तय्यबजी घराणे आणि फैजी घराणे नात्याने एकमेकांत गुंतलेले होते. अंजुमन-ए-इस्लामच्या संस्थापकांपैकी एक असलेले न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी हे त्याच गोतावळ्यातले. जंजिऱ्याच्या नवाबांच्या बेगम नाझली आणि त्यांची विदुषी बहीण अतिया या दोघी फैजी घराण्यातल्या. ज्या काळी मुलीला शाळेत घालणे ही चर्चेची गोष्ट होती, त्या काळी या घरातल्या स्त्रिया लिहीत-वाचत होत्या. अशा घरात मुलाला पुस्तकाची गोडी लागली तर नवल नाही.

मुंबईतले शिक्षण आटोपून ते इंग्लंडला केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेले. तेथे त्यांनी एक गोष्ट केली, तिच्याकडे विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष द्यावे. बॅरिस्टर व्हायला गेलेला तरुण सहसा कायद्यापुरतेच वाचतो. फैजींनी कायद्याबरोबर अरबी आणि फारसीचाही पद्धतशीर अभ्यास केला. त्या वेळी केंब्रिजला ब्राउन आणि निकल्सन यांच्यासारखे पौर्वात्य विद्येचे मोठे पंडित होते. १९२५ मध्ये फैजी बॅरिस्टर झाले आणि परत येऊन १९२६ पासून मुंबई हायकोर्टात वकिली करू लागले. एका हातात इंग्रजी कायदा आणि दुसऱ्या हातात अरबी मूळ ग्रंथ, अशी तयारी फार थोड्यांची होती.

ही तयारी का महत्त्वाची होती, ते समजून घेऊ. इंग्रजांच्या कोर्टात मुसलमानांचे वारसा, विवाह, वक्फ असे दावे मुस्लिम कायद्याप्रमाणे चालत. पण न्यायाधीशांना अरबी येत नसे. ते भाषांतरावर अवलंबून असत. हनफी कायद्याचा ‘हिदाया’ हा ग्रंथ बाराव्या शतकातील मरगिनानी यांनी अरबीत लिहिला. चार्ल्स हॅमिल्टन यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर १७९१ मध्ये प्रसिद्ध केले. परंतु ते थेट अरबीवरून केलेले नव्हते. आधी मौलवींकडून फारसी भाषांतर करून घेतले गेले आणि त्यावरून इंग्रजी झाले. दुधात दोनदा पाणी पडावे तसे हे झाले. आणि अशा पुस्तकाच्या आधारे पुढे शंभर-दीडशे वर्षे लोकांच्या मिळकतींचे निवाडे होत राहिले.

बोहरा समाजाची अडचण तर याहूनही मोठी होती. त्यांचा कायदा फातिमी परंपरेचा. त्याचा मुख्य ग्रंथ ‘दआइम अल-इस्लाम’. तो इजिप्तच्या फातिमी खलिफांचे काझी नुमान यांनी दहाव्या शतकात लिहिला. काझी नुमान इ. स. ९७४ मध्ये कैरोत वारले. ११७१ मध्ये फातिमी सत्ता गेली. पण त्यांचे ग्रंथ येमेनमध्ये आणि पुढे गुजरातेत हाताने नकला करून जतन केले गेले. ते छापलेले नव्हते. ते काही मोजक्या घराण्यांच्या आणि धर्मगुरूंच्या पेट्यांत बंद होते. कोर्टाने विचारले की तुमचा कायदा कोणता, तर दाखवायला पुस्तक नाही, अशी स्थिती होती. जे पुस्तक दाखविता येत नाही, ते न्यायासनापुढे नसल्यासारखेच असते.

फैजींनी हे काम अंगावर घेतले. १९३३ मध्ये त्यांनी ‘दआइम’मधील मृत्युपत्रांचे प्रकरण मूळ अरबी आणि इंग्रजी भाषांतरासह ‘इस्माइली लॉ ऑफ विल्स’ या नावाने प्रसिद्ध केले. त्याच वर्षी मुंबईत इस्लामिक रिसर्च असोसिएशन ही संस्था स्थापन झाली, तिच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. हे काम त्यांनी एकट्याने केले नाही, हेही सांगितले पाहिजे. रशियातून हिंदुस्थानात आलेले इव्हानोव्ह, सुरतेच्या विद्वान घराण्यातले हुसेन हमदानी आणि हैदराबादचे जाहिद अली हे त्याच विषयाचे अभ्यासक होते. एकाकडे एक हस्तलिखित, दुसऱ्याकडे दुसरे. एकमेकांना विचारल्याशिवाय, एकमेकांची प्रत पाहिल्याशिवाय कोणाचेच पान पुढे सरकले नसते. मोठा विद्वान कोणाला विचारीत नाही, असा आपला एक समज असतो. वस्तुस्थिती उलट आहे. जो जितका अधिक जाणतो, तो तितके अधिक विचारतो.

१९३८ मध्ये फैजी मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य आणि पेरी प्राध्यापक झाले. १८५५ पासून चालत आलेले हे कॉलेज. त्यांच्या अगोदर याच कॉलेजचे प्राचार्यपद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भूषविले होते. ‘पेरी प्राध्यापक’ या नावामागे एक इतिहास आहे. सर अर्स्किन पेरी हे मुंबईचे सरन्यायाधीश होते. १८४७ मध्ये खोजा आणि मेमन समाजातील मुलींनी वडिलांच्या इस्टेटीत कुराणाप्रमाणे आपला हिस्सा मागितला, तेव्हा पेरीसाहेबांनी निवाडा दिला की या समाजांत मुलींना वारसा न देण्याची रूढी आहे आणि तीच चालेल. मुली हरल्या. नव्वद वर्षांनी, १९३७ च्या शरियत कायद्याने वारशाच्या बाबतीत रूढी दूर करून मुस्लिम वैयक्तिक कायदा लागू केला. आणि त्याच्या पुढच्याच वर्षी मुस्लिम कायद्याचा सर्वांत जाणता अभ्यासक पेरीसाहेबांच्या नावाच्या आसनावर येऊन बसला!

लगेच १९३९ मध्ये मुस्लिम विवाहविच्छेद कायदा झाला. नवरा चार वर्षे बेपत्ता असेल, दोन वर्षे पोटगी देत नसेल, अशा कारणांवरून स्त्रीला कोर्टातून विवाह रद्द करून घेता येऊ लागला. हनफी फिकहमध्ये अशा स्त्रीची फार कोंडी होत असे. तेव्हा उलेमांनी मालिकी फिकहचे ग्रंथ उघडून त्यातून वाट दाखविली होती. पुस्तक उघडल्याने माणसाची सुटका होते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

आता थोडा वेळ फैजीसाहेबांना बाजूला ठेवून त्यांच्या कामाच्या जागेत, म्हणजे कायद्याच्या ग्रंथालयात जाऊ. आपल्यापैकी पुष्कळांनी ती जागा पाहिलेलीही नसते. एकसारख्या बांधणीचे शेकडो जाड खंड पाहून नवा विद्यार्थी बावरतो. पण तेथील व्यवस्था समजली तर भीती राहत नाही.

तेथे मुख्यत्वे तीन प्रकारची पुस्तके असतात. पहिला प्रकार अधिनियमांचा, म्हणजे विधिमंडळाने केलेल्या कायद्यांचा. दुसरा प्रकार लॉ रिपोर्टांचा, म्हणजे वरिष्ठ कोर्टांच्या छापील निवाड्यांचा. इंडियन लॉ रिपोर्ट्स १८७६ पासून निघू लागले. बॉम्बे लॉ रिपोर्टर १८९९ मध्ये, म्हणजे फैजींच्या जन्माच्याच वर्षी सुरू झाला. ऑल इंडिया रिपोर्टर १९१४ चा. तिसरा प्रकार टीकाग्रंथांचा आणि नियतकालिकांचा. त्यात विद्वान मंडळी पहिल्या दोन प्रकारांचा अर्थ उलगडून सांगतात. नवख्याने आरंभ तिसऱ्या प्रकारापासून करावा, तेथून दुसऱ्याकडे आणि पहिल्याकडे जावे, आणि शेवटचा शब्द मात्र पहिल्या दोन प्रकारांचाच मानावा.

टीकाग्रंथाच्या तळटिपांत काही अक्षरे व आकडे असतात. समजा, अबुल फता विरुद्ध रसोमय, (१८९४) २२ आय. ए. ७६ असे लिहिले आहे. याचा अर्थ असा : पक्षकारांची नावे, निवाड्याचे वर्ष, ‘इंडियन अपील्स’चा बाविसावा खंड, पान ७६. हे पत्त्यासारखेच आहे. गाव, गल्ली, घर क्रमांक. एवढे कळले की कपाटातून नेमका खंड काढता येतो.

हा खटलाच घेऊ. एका मुस्लिम कुटुंबाने आपल्या वंशजांच्या निर्वाहासाठी मिळकत वक्फ केली होती, आणि वंश संपल्यावर ती गोरगरिबांकडे जावी असे ठरविले होते. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८९४ मध्ये असा वक्फ अवैध ठरविला. गरिबांचा लाभ नाममात्र आहे, असे त्यांचे म्हणणे. शरियतमध्ये मात्र कुटुंबाचा निर्वाह हेही पुण्यकर्मच मानले जाते. या निवाड्याने देशभर अस्वस्थता पसरली आणि अखेर बॅ. जिना यांनी मांडलेल्या विधेयकातून १९१३ चा वक्फ वैधीकरण कायदा झाला. १९३० च्या कायद्याने तो १९१३ पूर्वीच्या वक्फांनाही लागू केला. आता पाहा, एखाद्याने केवळ १८९४ चा निवाडा वाचून पुस्तक मिटले, तर त्याला अर्धेच सत्य कळेल. म्हणून ग्रंथालयात दुसरा प्रश्न नेहमी विचारायचा असतो : या निवाड्यानंतर काय झाले? तो अजून चालतो का? कायदा बदलला का? फैजींच्या ग्रंथात वक्फाच्या प्रकरणात ही सारी साखळी वाचायला मिळते.

आणि हा प्रश्न कोणाला विचारायचा? ग्रंथपालाला. पुस्तक देणे-घेणे एवढेच ग्रंथपालाचे काम आहे, असे समजू नका. कोणता खंड कोठे आहे, विषयवार सूची कशी पाहावी, डायजेस्टमधून खटले कसे काढावेत, पुस्तकाची ताजी आवृत्ती कोणती, आपल्याकडे नसलेला ग्रंथ कोणत्या ग्रंथालयात मिळेल, हे दाखविणे त्याचे काम आहे आणि चांगल्या ग्रंथपालाला त्यात आनंद वाटतो. मात्र विचारणाऱ्यानेही तयारीने जावे. मुस्लिम कायद्याचे पुस्तक द्या, असे म्हणाल तर तो एक पुस्तक देईल आणि तुमची सकाळ चाळण्यात जाईल. त्याऐवजी विधवेला मुले असतील तर नवऱ्याच्या मिळकतीत तिचा हिस्सा किती, आणि नसतील तर किती, असे नेमके विचाराल तर तो वारशाचे प्रकरण थेट उघडून देईल. मुले असतील तर आठवा हिस्सा आणि नसतील तर चौथा, हे तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी वाचाल. जे सापडले त्याचे नाव, वर्ष, खंड, पान वहीत तिथल्या तिथे टिपून ठेवा. निवाड्याच्या माथ्यावरील हेडनोट संपादकाने केलेला सारांश असतो, न्यायाधीशांचा शब्द नसतो, म्हणून आतला निवाडा वाचल्याशिवाय मत बनवू नका.

एक मर्यादाही ध्यानात ठेवावी. ग्रंथपाल पुस्तक दाखवील, पण तुमच्या दाव्यात काय करावे ते सांगणार नाही. तो वकिलाचा अधिकार आहे. वकील परवडत नसेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली मोफत मदतीची सोय आहे, आणि स्त्रियांना ती उत्पन्नाची अट न लावता मिळते. तालुक्याच्या कोर्टात चौकशी करावी. लॉ कॉलेजचे ग्रंथालय प्रथम त्यांच्या विद्यार्थ्यांसाठी असते. बाहेरच्यांसाठीचे नियम ठिकठिकाणी वेगळे असतात. आपल्या मुख्याध्यापकांचे किंवा प्राचार्यांचे पत्र नेऊन विचारून पाहण्यात कमीपणा नाही. आता केंद्राचे कायदे ‘इंडिया कोड’ या सरकारी संकेतस्थळावर मोफत वाचता येतात आणि सर्वोच्च न्यायालयाचे निवाडेही संगणकावर पाहता येतात. पण काय शोधायचे हे ज्याला ठाऊक नाही, त्याला संगणकही रानात सोडतो. १९३७ च्या शरियत कायद्याचेच कलम २ उघडून पाहा. त्यात शेतजमिनीचा अपवाद लिहिलेला आहे. पुढे काही राज्यांनी तो दूर केला, सर्वांनी नाही. ऐकीव माहितीवर चालणाऱ्याला हे चार शब्द कधीच दिसत नाहीत.

आता पुन्हा फैजीसाहेबांकडे वळू. १९४७ पर्यंत ते प्राचार्य होते. त्यानंतर मुंबईच्या लोकसेवा आयोगावर त्यांची नेमणूक झाली. १९४९ मध्ये दोन महत्त्वाच्या गोष्टी घडल्या. त्यांचा ‘आउटलाइन्स ऑफ मुहम्मदन लॉ’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि स्वतंत्र भारताचे राजदूत म्हणून त्यांना इजिप्तला पाठविण्यात आले. राजदूताची व्याप तुम्ही जाणता. तरीही १९५१ मध्ये कैरोतच त्यांनी संपादित केलेला ‘दआइम’चा पहिला अरबी खंड छापला गेला, आणि दुसरा १९६० मध्ये. जो ग्रंथ फातिमी काळात लिहिला गेला आणि येमेन-गुजरातेतील पेट्यांत शतकानुशतके राहिला, तो हजार वर्षांनी काझी नुमानांच्याच शहरात, माथेरानला जन्मलेल्या एका माणसाच्या हातून छापून निघाला.

पुढे केंद्रीय लोकसेवा आयोगाचे सदस्यत्व, १९५७ ते १९६० जम्मू-काश्मीर विद्यापीठाचे कुलगुरुपद, १९६२ मध्ये पद्मभूषण, असा त्यांचा प्रवास झाला. १९६५ मध्ये त्यांनी मुस्लिम कायद्यावरील महत्त्वाचे खटले एका पुस्तकात एकत्र केले. ज्याच्या कॉलेजात रिपोर्टांचे खंड नाहीत, अशा गावच्या विद्यार्थ्याला त्या एका पुस्तकाचा केवढा आधार! १९६९ मध्ये फातिमी कायद्याचे संकलन निघाले. ‘दआइम’चे इंग्रजी भाषांतर ते करीत होते, ते त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही. इस्माईल पूनावाला यांनी ते तपासून व टिपा जोडून २००२ आणि २००४ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केले. ‘आउटलाइन्स’चीही पाचवी आवृत्ती ताहिर महमूद यांनी सुधारून २००८ मध्ये काढली. कायद्याचे पुस्तक जुने होते, पण पाया पक्का असेल तर दुसरा माणूस त्यावर मजला चढवू शकतो.

फैजींची सर्व मते सर्वांना मान्य झाली असे नाही. १९६३ मध्ये त्यांनी ‘अ मॉडर्न ॲप्रोच टू इस्लाम’ लिहिले. धर्म आणि कायदा यांचा वेगवेगळा विचार करावा, हे त्यातले त्यांचे म्हणणे अनेक उलेमांना आणि सामान्य मुसलमानांनाही पटले नाही. मतभेद असू शकतो. परंतु त्यांच्याशी मतभेद व्यक्त करण्यासाठीसुद्धा त्यांच्याइतकेच मूळ ग्रंथ उघडावे लागतात, हे विसरून चालणार नाही. विद्वानाला उत्तर पुस्तकानेच द्यावे लागते, आवाज चढवून नव्हे.

मला स्वतःला त्यांच्या चरित्रातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती १९५७ ची. इस्माइली हस्तलिखितांचा आपला संग्रह त्या वर्षी त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाला देऊन टाकला. जी पुस्तके पिढ्यान्‌पिढ्या कुलूपबंद होती, जी मिळविण्यासाठी त्यांना स्वतःला किती दारे ठोठवावी लागली असतील, ती त्यांनी कोणाही जिज्ञासू विद्यार्थ्याच्या हाती पडावीत अशी व्यवस्था केली. १९६५ मध्ये मुइज्ज गोरियावाला यांनी त्या संग्रहाची वर्णनात्मक सूची प्रसिद्ध केली. सूची झाली म्हणजे पेटीचे ग्रंथालय झाले. देणाऱ्याइतकेच सूची करणाऱ्याचेही हे पुण्य आहे.

२३ ऑक्टोबर १९८१ रोजी फैजीसाहेब अल्लाला प्यारे झाले.

पालकहो, आपली मुले डॉक्टर व्हावीत, इंजिनिअर व्हावीत असे आपल्याला वाटते, ते योग्यच आहे. पण बारावीनंतर पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम असतो, याचाही विचार करा. मुलींच्या बाबतीत तर अवश्य करा. मुलगी लॉ कॉलेजात गेली तर तिच्या आईचा, मावशीचा, शेजारणीचा हिस्सा किती, हे कोणा तिऱ्हाइताला विचारावे लागणार नाही. आणि ज्यांना वकील व्हायचे नाही, त्या विद्यार्थ्यांनीही या वर्षी एकदा तरी जवळच्या ग्रंथालयात जाऊन, ग्रंथपालांना सलाम करून, एक नेमका प्रश्न विचारावा आणि उत्तर स्वतः वाचून वहीत उतरवून आणावे. घरी ती वही आईवडिलांना वाचून दाखवावी.

संस्थेच्या ग्रंथालयासाठी ज्यांना काही द्यावेसे वाटते, त्यांनी घरात पडून असलेली चांगली पुस्तके द्यावीत. कपाटात बंद असलेले पुस्तक वाळवीचे असते. ग्रंथालयात ठेवलेले पुस्तक सर्वांचे होते. अल्ला आपल्या मुलांना वाचण्याची आणि विचारण्याची तौफीक देवो. आमीन.